‘डील झाली की देतो’: फ्लॅटच्या फोटोंचा दर आणि त्यातली फसवणूक

“दादा, बाणेरला टू बीएचके आहे, रेडी पझेशन. फ्लॅटचं किती घ्याल?” ब्रोकरचा फोन असाच येतो आणि नवा फोटोग्राफर एक आकडा सांगून मोकळा होतो. घोळ इथेच होतो. फोटो किती, वापरणार कुठे, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कोण देणार, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. मग शूटच्या दिवशी ‘फ्लॅट’ या शब्दात क्लबहाउस, स्विमिंग पूल, लॉबी, टेरेसवरून दिसणारी टेकडी आणि ‘जाता जाता एक रील’ एवढं सगळं मावतं.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती घाऊक कामाच्या आमिषाला. “महिन्याला २० फ्लॅट देतो, दीड हजार लावा.” प्रत्यक्षात तीन फ्लॅट होतात आणि ब्रोकर पुढच्या नवख्याकडे जातो. त्या दीड हजारात काय उरतं ते एकदा कागदावर मांडून बघावं. टू बीएचकेचे २२ फोटो धरा. खिडकीबाहेरचा उजेड आणि आतला अंधार दोन्ही सांभाळायचे तर ट्रायपॉडवर प्रत्येक फ्रेमची पाच एक्स्पोजर (कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो, जे नंतर एकत्र करायचे), म्हणजे ११० रॉ फाइल्स, कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइल्स. जागेवर दोन तास, जाण्यायेण्याचे दोन, एडिटिंग फोटोमागे दहा मिनिटं म्हणजे पावणेचार तास. बॅकअप आणि फोनाफोनी वेगळी. आठ तास सहज गेले. आता कॅमेरा, वाइड लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, कॉम्प्युटर मिळून ३,६०,००० रुपयांचा संच चार वर्षं चालतो असं समजू: वर्षाला ९०,०००. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, दुरुस्ती, विमा यांचे ४२,०००. महिन्याला ११,००० झाले. महिन्यात १२ कामं मिळाली (पाऊस असतो, भाडेकरू दार उघडत नाही) तर कामामागे सुमारे ९१७ रुपये, वर पेट्रोल-पार्किंग ३५०. मजुरीचा एक पैसाही न धरता १,२६७ गेले. दीड हजारातून उरले २३३, तासाला तीस रुपयेसुद्धा नाहीत. दिवसाची मजुरी २,५०० धरली तर त्याच कामाचा दर पावणेचार हजारांच्या आसपास बसतो. आकडे आपापले घाला, पण रीत हीच ठेवा. शेजारचा किती घेतो हे विचारून दर ठरवू नका. त्याने कदाचित हिशेबच केलेला नसेल.

घाऊक सूट द्यायला हरकत नाही, फक्त ती उलटी द्यावी. पहिली दहा कामं पूर्ण दराने आणि अकराव्यापासून सूट. ज्याच्याकडे खरंच २० फ्लॅट आहेत तो कुरकुरत का होईना, मान्य करतो.

दुसरा सापळा प्रिव्ह्यूचा. “आधी पार्टीला दाखवतो, मग फायनल घेतो.” विश्वासाने व्हॉट्सॲपवर २२ फोटो जातात, कोपऱ्यात छोटासा वॉटरमार्क. प्रॉपर्टीच्या साइटला १,२०० पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो. कोपरा कापला की फोटो जाहिरातीत लागतो आणि मोठी फाइल मागायला कोणी येतच नाही. म्हणून सगळे फोटो छोटे करून एकाच पानावर मांडावेत, वर मधोमध आडवा वॉटरमार्क टाकावा आणि तेवढंच पान पाठवावं. निम्मे पैसे तारीख पक्की करताना, उरलेले फाइल्सची लिंक देण्याआधी.

‘डील झाली की देतो’ हा तिसरा प्रकार. फ्लॅट विकला गेला नाही तर ब्रोकर मालकाकडे बोट दाखवतो आणि मालक म्हणतो, “तुम्हाला मी कुठे बोलावलं होतं?” फ्लॅट विकायची जोखीम दलाली घेणाऱ्याची. फोटोग्राफरला त्या दलालीत वाटा नसेल तर त्याने ती जोखीम का उचलावी? बिल कोणाच्या नावावर काढायचं ते नाव आणि पत्ता शूटच्या आधी मेसेजवर लिहून घ्यावं.

नव्या इमारतीत आणखी एक हमखास अडचण येते. पोहोचल्यावर कळतं की मीटरच बसलेला नाही, किंवा हॉलमध्ये पिवळे बल्ब आणि किचनमध्ये पांढरी ट्यूब. रंग जुळवण्यात एडिटिंगचा वेळ दुप्पट होतो. फेरी फुकट गेली तर निम्मा दर लागेल, हे आधीच लिहिलेलं असावं.

हक्कांबाबत बहुतेकांचा समज उलटा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम सांगणाराच ठरतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे फ्लॅटच्या दरात काढलेला फोटो उद्या बिल्डरच्या होर्डिंगवर झळकला तर बोलायला जागा राहत नाही. कोटेशनमध्ये दोन ओळी पुरतात: “कॉपीराइट छायाचित्रकाराकडे. पूर्ण रक्कम मिळाल्यावर याच फ्लॅटच्या जाहिरातीसाठी, याच ग्राहकाला, सहा महिने वापराची परवानगी.” समोरच्याची मान्यता लेखी घ्यावी. मुदत लिहायला विसरू नये. ती नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो.

‘पॅनेलवर घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा’ म्हणणाऱ्यांना, आणि ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावणाऱ्यांना तिथेच थांबवावं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

बिल्डर कंपनी टीडीएस (बिलातून आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापल्याचं सांगून कमी पैसे देते तेव्हा ती रक्कम तिमाही संपल्यावर आयकर पोर्टलवर आपल्या नावावर जमा दिसते का बघावं. कधीकधी ती कापलेली असते, भरलेली नसते. आणि उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, जी सरकारी पोर्टलवर फुकट होते, ती काम घेण्याआधी करून ठेवावी, बिल अडकल्यावर नव्हे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी मुदत ठरली असली तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक आणि ही व्याजाची ओळ छापली की ‘साहेब बाहेरगावी आहेत’ म्हणणारा अकाउंटंटसुद्धा बिलाची तारीख एकदा तपासून बघतो.