सुई की व्यायाम? मावशीच्या कंबरेसाठी

मावशीला प्रश्न पडलाय: कंबरेत ‘नस जाळायची’ सुई घ्यावी, की फिजिओथेरपीच चालू ठेवावी? तिचं दुखणं मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांचं, म्हणजे फॅसेट जॉइंटचं. गुडघ्यासारखे हेही झिजतात. पोळ्या लाटताना ती मधेच कोपरं ओट्यावर टेकून पुढे वाकते. मागे वाकलं की कळ, पुढे वाकलं की हायसं.

आराम किती टिकतो? सुईआधी सांध्याच्या नसेजवळ बधिर करायचं औषध देऊन चाचणी करतात. तेवढ्यापुरतं दुखणं चांगलंच कमी झालं, तरच पुढे जायचं. नुसत्या एमआरआयवरून निर्णय घेऊ नका. झीज तर न दुखणाऱ्या पाठीतही दिसते. मग साधारण ८० अंश सेल्सिअस उष्णतेने नस निकामी करतात. आराम बहुधा ६ महिने ते वर्षभर. नस पुन्हा वाढते, दुखणं परतू शकतं. व्यायामानेही झीज भरत नाही, पण पोट-पाठीचे स्नायू भार उचलू लागतात आणि करत राहाल तोवर फायदा राहतो.

खर्चात व्यायाम स्वस्त. कष्टात मात्र उलटं: सुईचं काम एका दिवसात, व्यायामाला निदान ६ ते १२ आठवडे रोज चिकाटी हवी.

दुखणं सोसवेल इतकं असेल, तर व्यायामच. तीन महिने मनापासून करूनही उभं राहवत नसेल आणि चाचणीत फरक पडला, तर सुई घ्यावी, आणि त्या आरामाच्या काळात व्यायाम करावा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर दोन्ही बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा.