आबांचं नेलपॉलिश की आजीची मेंदी?

आमच्या लेकीची नखं हा सध्या दोन घरांचा विषय झाला आहे. सांगलीला माझे वडील, चिपळूणला सासूबाई आणि मध्ये पिंपरीत आम्ही. ती चार वर्षांची आहे. सुट्टी लागली की आम्ही दोन्हीपैकी एकीकडे जातो आणि परतताना तिची वीसच्या वीस नखं कुठल्या ना कुठल्या रंगात असतात. ओळखीतल्या दोघा-तिघांनी अलीकडे हेच विचारलं: आजी-आजोबा हौसेने लावतात, तर लावू द्यावं का, आणि द्यायचंच तर काय? दीड वर्षं दोन्ही प्रकार घरात नांदवून जे लक्षात आलं ते लिहितो.

आधी एक खुलासा. आमच्याकडे नेलपॉलिश आजी नाही, आजोबा लावतात. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा आणि लेकीचे आबा, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे छेद ट्रेसिंगवर शाईने काढण्यात त्यांची हयात गेली, आणि तो हात अजून हलत नाही. वर्तमानपत्र पसरतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतात, बाटली दोन्ही तळव्यांत फिरवतात. हलवत नाहीत, बुडबुडे येतात म्हणे. मग ब्रश बाटलीच्या तोंडाला एका अंगाने निपटून नखाच्या मधोमध एक रेघ, अलीकडे एक, पलीकडे एक. तिसऱ्या रेघेला नख भरलेलं असतं. कडेला लागलेलं आगकाडीला कापूस गुंडाळून पुसतात. एरवी ताटावर दोन मिनिटं न टिकणारी पोर तिथे श्वास धरून बसते. या माणसाने लहानपणी माझी नखं एकदा तरी कापल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे ‘अण्णा, हे बंद करा’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. तेव्हा हा आढावा कितपत निष्पक्ष आहे, ते ओळखून वाचावं.

सासूबाईंची मेंदी कुंपणाची. पानं पाट्यावर वाटायची, त्यात थोडा कात, लिंबाचा रस आणि उकळलेल्या चहाचं पाणी. नक्षी वगैरे नाही. तळहातावर एक ठिपका आणि बोटांची टोकं नखांसकट माखायची, की झालं. त्यांच्या लहानपणी मेंदी मिळाली नाही तर तेरड्याची पानं वाटून लावत असं त्या सांगतात. मला ती आठवणीतली अतिशयोक्ती वाटली होती, पण मेंदीत जे लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं ते तेरड्यातही असतं. म्हणजे मुली बरोबर झाडापाशी पोचल्या होत्या.

नेलपॉलिश म्हटलं की सगळे आधी वासावर येतात. वास असतोच. पॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज एथिल आणि ब्युटिल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकांत विरघळवलेलं. द्रावक उडून जातं आणि नखावर रंगाचा पापुद्रा उरतो. उडून जाणारं ते द्रावक मूल नाकाशी बोटं धरून हुंगतं, म्हणून अण्णा आता खिडकीशी बसतात. टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट ही अपायकारक रसायनं नसलेली बाटली बघून घ्या, एवढं मी जरूर म्हणेन. पण महिन्यातून एकदा, दहा मिनिटं, उघड्या खिडकीत, यावरून घरात वाद काढण्यात अर्थ नाही असं माझं मत झालं आहे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनीही सुकलेल्या पॉलिशची चिंता केली नाही. त्यांनी विचारलं ते बाटली आणि रिमूव्हर कुठे ठेवता एवढंच. मुलांच्या पोटात जाऊ नयेत ते हे दोन. आमच्याकडे दोन्ही टेबलावरच होते. आता फ्रीजच्या वर असतात, आणि रिमूव्हर काढला की शेजारी गॅस किंवा समई पेटलेली नाही हे बघतो, कारण त्याची वाफ पेट घेते.

माझा निर्णय मात्र वासाने केला नाही. तो वरणभाताने केला.

सांगलीहून रविवारी रात्री परतलो. नखं लालचुटूक, काचेसारखी. मंगळवारी अंगठ्याच्या कडेला एक पांढरी रेघ दिसली. लहान मुलांची नखं पातळ आणि लवचीक, हात दिवसभर पाण्यात, मातीत, वाळूत, त्यामुळे कोरडा पापुद्रा वाकत नाही, तडकतो. बुधवारी रात्री ती आपल्या हाताने वरणभात कालवत होती. पिवळ्या भातावर मला एक लाल तुकडा दिसला. फोडणीतल्या मिरचीचा असेल म्हणून मी तो उचलून बाजूला ठेवायला गेलो, तर तो बोटाला चिकटला आणि चमकला. मग मी तिची बोटं बघितली. तर्जनीचं अर्धं नख उघडं, अंगठ्याचं तर जवळजवळ सगळंच. म्हणजे हा तुकडा पहिला नव्हता. आधीचे कुठे गेले ते विचारायची गरज नव्हती, ती भुरका मारत होती.

डॉक्टर म्हणतात एवढ्याशा टवक्याने काही होत नाही, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. तरी त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक घासाकडे माझं लक्ष जायला लागलं. भात निवडावा तसा मी तिचा कालवलेला भात निवडायचो. त्यात तिला नवा छंद लागला. टवका निघाला की उरलेलं दातांनी खरवडायचं. पॉलिश लावलं की मुलं नखं खाणं सोडतात असं बरेच जण सांगतात. आमच्याकडे उलटं झालं. नखं न खाणारी मुलगी नखांवरचा रंग खायला लागली. चमच्याने जेवणाऱ्या घरात हे कदाचित कुणाला जाणवणारही नाही. आमचं ताट हाताचं आहे.

बरं, टवके उडायच्या आत काढून टाकावं तर रिमूव्हर आला. तिच्या अंगठ्याशी सालपट निघालं होतं, त्यावर अ‍ॅसिटोन लागलं आणि तिने असा सूर लावला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. ‘अ‍ॅसिटोन नाही’ असं लिहिलेली बाटलीही आणून बघितली. त्यात बहुतेक वेळा एथिल अ‍ॅसिटेट असतं. वास वेगळा, घासणं जास्त.

आणखी एकदा खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं होतं. ऑक्सिजन बघायचा चिमटा लावायला नर्सबाईंनी बोट धरलं, तर नख गडद निळं, त्याच्या शेजारचंही निळं. गडद रंगाने त्या यंत्राचा आकडा चुकू शकतो, म्हणून त्यांनी शेवटी पायाचा अंगठा शोधला. पाय त्या वेळी कोरे होते हे नशीब.

मधला मार्ग म्हणून पाण्याचा आधार असलेली, सोलून निघणारी मुलांची पॉलिशं मिळतात. तीही घेतली. वास जवळपास नाही, रिमूव्हर लागत नाही. पण सोलता येतं हे मुलाला कळलं की ते सोलतंच. संध्याकाळपर्यंत दहाच्या दहा नखं सोफ्यावर. माझी तक्रार टवक्यांची, आणि हा तर टवक्यांचाच कारखाना निघाला. तुमची अडचण फक्त वासाची असेल तर जरूर बघा, आमची नव्हती.

मेंदीचं सगळं गोड आहे असं नाही. ती लावून मुलाला तीन-चार तास सांभाळणं म्हणजे परीक्षा. सासूबाई पोर रात्री झोपल्यावर लावतात आणि हातांना जुने सुती मोजे चढवतात. एकदा मोजा निघाला आणि सकाळी लेकीच्या गालावर चार बोटं उमटलेली. त्याच दिवशी नात्यात साखरपुडा होता. भेटेल तो ‘कुणी मारलं गं?’ विचारत होता आणि ती खुशाल ‘आजीने’ म्हणत होती. उशीचा अभ्रा तर तेव्हापासून भगवा आहे.

पण मेंदी नखावर बसत नाही, नखात मुरते. लॉसोन नखातल्या केराटिन या प्रथिनाला धरतं, वर थरच नाही तर सुटणार काय? त्वचेवरचा रंग पंधरवड्यात जातो, नखावरचा मात्र नख वाढेल तसा पुढे सरकतो. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. नागपंचमीला लावलेली मेंदी दिवाळीच्या अभ्यंगाला तिच्या अंगठ्याच्या टोकाशी चंद्रकोरीएवढी उरली होती, ती भाऊबिजेला नेलकटरने गेली. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण फुलाबद्दल असेल, पण अण्णांच्या लाल पॉलिशने बरोब्बर तेवढेच दिवस काढले होते. शिवाय शाळेत मेंदीला सणाची सवलत मिळते. पॉलिशला आमच्या डायरीत दोनदा लाल शाईचा शेरा मिळाला.

मेंदीच्या बाजूने बोलताना दोन अटी मात्र ठामपणे घालतो. बाजारातला ‘दहा मिनिटांत काळा रंग’वाला कोन नको. खरी मेंदी काळी होत नाही. काळ्यात बरेचदा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने फोड येतात, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे आयुष्यभर डायचीही अ‍ॅलर्जी राहू शकते. दुसरं, ज्या मुलांना जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता आहे त्यांना साधी पानांची मेंदीसुद्धा लावू नये, त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तपासणी झालेली नसेल तर डॉक्टरांना विचारा. अगदी तान्ह्या बाळाला तर यातलं काहीच नको. त्याची मूठ सगळा वेळ तोंडात असते.

भाच्याचं राहिलं. तो पाच वर्षांचा. त्यालाही हिरवं हवं होतं, आणि ‘मुलगा आहे ना तो?’ असं शेजारून आलंच. अण्णांनी न बोलता दहाही नखं हिरवी केली. तुलनेशी याचा संबंध नाही, पण मला ते आवडलं.

तर सध्या वाटणी अशी आहे. हात आजीचे, पाय आबांचे. पायाच्या नखांवर पॉलिश बऱ्यापैकी टिकतं, शाळेत बुटात झाकलं जातं, आणि त्या बोटांनी कुणी भात कालवत नाही. तुमचं मूल अजून पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या वयाचं असेल तर ही वाटणी थोडी पुढे ढकला.

अण्णांनी हे ऐकून घेतलं. वाद घातला नाही. दोन दिवसांनी फोन आला.

“अरे, ती डाव्या हाताने जेवते का?”

“नाही.”

“मग डाव्या हाताचं काय?”

ती दातांनी खरवडते, मी म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “करंगळीसुद्धा?”

गेल्या शनिवारपासून डावी करंगळी लाल आहे.