लालबागला हळद दळून घेतली (आणि हळदीच्या दुधाचा ठसका लागला)

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची साठवणीची खरेदी म्हटलं की आमच्याकडे अजूनही लालबागची मिरची गल्लीच, राहायला मुलुंडला येऊन किती वर्षं झाली तरी. यंदा मसाल्यासोबत हळद पण समोर दळून घ्यायची ठरली कारण व्हॉट्सॲपवरचे भेसळीचे व्हिडिओ बघून बघून आईने एक दिवस घरातलं अख्खं पाकीट सिंकमध्ये ओतलं, सिंक आठवडाभर पिवळं. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुढे तक्रार आहे.

करी रोडला उतरून चालत गेलो, गल्लीत शिरायच्या आधीच शिंका सुरू. दुकानदार काकांनी राजापुरी आणि सेलम ह्या हळदीच्या दोन्ही जाती काढून दाखवल्या. मी आपली छान चकचकीत हळकुंडं निवडायला लागले तर म्हणाले ताई वरचा रंग बघू नका, वरून पॉलिश करतात, तोडून बघा. आणि खरंच एक कट्कन तोडलं तर आत एकदम गर्द केशरी, आणि तो वास, लग्नघरातल्या हळदीचा. दुसरं पोत्यातलं तोडलं ते फिकट निघालं, ते त्यांनी स्वतःच बाजूला ठेवलं, हे आवडलं. आम्ही राजापुरी घेतली, सांगलीची. (सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथे हरिपूरला हळद जमिनीखाली पेवांमध्ये साठवायचे, 2005 च्या पुरात बरीच पेवं गेली. मुलाला हे सांगितलं तर म्हणे पेव फुटणे मला वाक्प्रचारात आलेलं, पेव खरंच असतं होय?)

हळकुंड भलतं चिवट. आधी डंकावर फोडलं मग बारीक दळलं, आणि तोवर आम्ही तिथेच नाकाला रुमाल लावून उभे. एक किलोची हळद घरी मोजली तर 40-50 ग्रॅम कमी भरली, दळताना तेवढं उडतंच त्यामुळे त्याबद्दल काही म्हणणं नाही.

तक्रार ही की रात्री मुलाला खोकला होता म्हणून नव्या हळदीचं दूध करून दिलं, त्याने एक घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी, ठसका थांबेना. मी चाखून बघितलं तर चक्क तिखट! आमच्या आधी मशीनवर मिरची होती आणि मशीन नीट झाडलंच नव्हतं. सकाळी फोन केला तर काका म्हणतात, अहो ताई, हळदीच्या दुधात मिरी घालतातच की. अहो मिरी वेगळी नि मिरची वेगळी! मिरी घालण्यामागे कारण तरी आहे, हळदीतलं कर्क्युमिन अंगाला फारसं लागत नाही, मिरीतल्या पिपरिनमुळे ते जास्त शोषलं जातं. मिरचीने काय शोषलं जाणार, आमचे अश्रू?

असो, पण परत गेल्यावर वाद न घालता बदलून दिली. ह्या वेळी आधी मूठभर तांदूळ फिरवले, पहिला घाणा बाजूला काढला, मग आमची टाकली. तुम्ही गेलात तर हे आधीच सांगा, लाजू नका.

आता हळद कशी आहे. आमटीला नेहमीच्या निम्मी पुरते. पाण्याच्या ग्लासात चमचाभर टाकून ठेवली तर तळाशी बसली आणि पाणी फिकट पिवळं राहिलं, भेसळीची असती तर पाणी गर्द पिवळं झालं असतं. मग माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडली, साबण लावला तर डाग लालभडक! आई ओरडली, बघ, रंग घातलाय! तसं नसतं, साबण, सोडा, चुना लागला की खरी हळदच लाल होते, हळदीचं कुंकू असंच तर करतात. कुर्ता दोन दिवस कडक उन्हात टाकला, डाग जवळजवळ गेला.

औषध म्हणून विचाराल तर मी फार उड्या मारणार नाही. कर्क्युमिन हळदीत असतं साधारण 3 टक्के, त्यामुळे कपभर दुधाने सांधेदुखी, शुगर, सगळं पळतं वगैरे मला पटत नाही, घशाला बरं वाटतं आणि झोप लागते एवढं पुरे. सासूबाई रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यांना हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांनी स्पष्ट नको सांगितल्यात, भाजीतली चालते. बाकी पूजेला ठेवलेलं एक हळकुंड मी खलबत्त्यात फोडायला गेले आणि बत्ता बोटावर, मग त्याच बोटावर तीच हळद दाबली. ह्या जखमेवरच्या हळदीचं अमेरिकेत 1995 मध्ये कोणीतरी पेटंट घेतलं होतं म्हणे नवीन शोध म्हणून, शास्त्रज्ञ माशेलकर सर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेने भांडून 1997 मध्ये रद्द करून घेतलं. आमच्या आजीला साक्षीला नेलं असतं तर एका तारखेत निकाल लागला असता.

पाचात साडेतीन, दीड मिरचीचा कापला. परत जाणार, पण सकाळी लवकर, मिरचीवाल्यांच्या आधी नंबर लावायला. आणि प्लास्टिकची पिशवी नको, स्टीलचा डबा न्या, मशीनमधून गरम निघते, घरी आल्यावर झाकण उघडं ठेवून पूर्ण गार होऊ द्या मगच भरा, नाहीतर आतून घाम धरून गुठळ्या होतात, आमचा पहिला डबा तसाच झालाय.