प्राइस की बोब्रोव्हस्की? गोलकीपरला आठ वर्षं देण्याआधी

आपल्या गोलकीपरला आठ वर्षं बांधून ठेवावं का, हा वाद एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, बघणाऱ्यांत पेटला की दोन नावं हमखास निघतात. माँट्रियलचा कॅरी प्राइस : २०१७ मध्ये सही, आठ वर्षं, ८.४ कोटी डॉलर. फ्लोरिडाचा सर्गेई बोब्रोव्हस्की : २०१९, सात वर्षं, ७ कोटी. पहिला करार फसला, दुसरा फळला, असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

वय हे कारण नव्हेच. करार लागू झाले तेव्हा दोघंही तिशीचेच.

२०२१ चा उन्हाळा आठवा. प्राइसने माँट्रियलला अंतिम फेरीत नेलं होतं. फ्लोरिडात मात्र वर्षाला १ कोटी घेणारा बोब्रोव्हस्की बाकावर, आणि प्लेऑफमध्ये टॅम्पाविरुद्धच्या पाचव्या सामन्यात वीस वर्षांचा स्पेन्सर नाइट जाळ्यापुढे. पहिलाच फटका आत गेला, पुढचे ३६ पोराने अडवले. त्या रात्री विचारलं असतं तर फसलेला करार कोणता, याचं उत्तर उलटंच मिळालं असतं. मग प्राइसचा गुडघा गेला. २०२१-२२ मध्ये तो पाचच सामने खेळला. शेवटचा नेमका फ्लोरिडाविरुद्ध, १०-२ ने जिंकलेला. बोब्रोव्हस्कीने २०२४ आणि २०२५ मध्ये लागोपाठ स्टॅनले चषक, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला.

तरी हिशेब नीट बघा. खेळाडू दीर्घकालीन जखमींच्या यादीत गेला की त्याच्या जागी माणसं घ्यायला संघाला सॅलरी कॅपच्या, म्हणजे एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, वर जाता येतं. मालकाचा खिसा रिकामा होतो, ते वेगळं. पण गोलकीपर धडधाकट आहे आणि पक (हॉकीची चकती) आत सोडतोय, तर सवलत शून्य. बायआउट करावं, म्हणजे काही रक्कम देऊन करार मोडावा म्हटलं, तरी साइनिंग बोनसचा (करारात पगाराबाहेर ठरलेल्या रकमेचा) भाग कॅपवरून हलत नाही. म्हणून मला प्राइसच्या गुडघ्यापेक्षा बोब्रोव्हस्कीच्या पहिल्या मोसमाची, शंभरातले दहा फटके आत जाणाऱ्या त्या २०१९-२० ची, जास्त धास्ती वाटते.

फरक मला दिसतो तो कामाच्या ओझ्यात. नव्या कराराच्या पहिल्याच मोसमात प्राइसला ६६ सामने खेळवलं. पहिल्या चषकाच्या वर्षी बोब्रोव्हस्की ५८ खेळला, कारण मागे दुसरा गोलकीपर स्टोलार्झ होता.

स्वस्तातला मार्गही आहे. २०२३ मध्ये वेगासने अंतिम फेरीत याच बोब्रोव्हस्कीला हरवलं ते वर्षाला साधारण २२ लाखांच्या गोलकीपर एडिन हिलच्या जिवावर. पण त्याच्याआधी खेळणारा गोलकीपर ब्रॉस्वा जखमी झाला म्हणून हिलला जागा मिळाली होती. असा योग ठरवून जुळवता येत नाही.

आजच्या गोलकीपरांचे दोन नमुने घ्यायचे तर शेस्टरकिनची आठ वर्षं वर्षाला १.१५ कोटींनी, आणि हेलेबकची सात ८५ लाखांनी. मी डोळे झाकून हेलेबकचा करार उचलेन. वर्षाला वाचलेल्या ३० लाखांत चांगला दुसरा गोलकीपर येतो.

सप्टेंबर २०२६ पासून नियमही आवळतोय : स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त सात वर्षं, बाहेरून आणलेल्याला सहा. बोब्रोव्हस्की बाहेरूनच आला होता. त्याला सहाच वर्षं मिळाली असती, तरी दोन्ही चषक त्या मुदतीतच बसले असते.