ब्लड कार्डिओप्लेजिया, डेल निडो की एचटीके: नागपुरातल्या नव्या युनिटने काय घ्यावं?

कार्डिओप्लेजिया म्हणजे हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवून ते सुरक्षित ठेवणारं द्रावण. धडधडतं हृदय दर 100 ग्रॅम स्नायूमागे मिनिटाला साधारण 8 ते 10 मिली ऑक्सिजन खातं. पोटॅशियमने थांबवलं की 37 अंशांवरही ते 1 मिलीच्या आसपास येतं. मोठी बचत थांबवण्यात आहे, थंडाव्याची त्यानंतर. म्हणून आधी ठरवा, क्लॅम्प (महाधमनी, म्हणजे एओर्टा, बंद करणारा चिमटा) किती वेळ राहणार?

ब्लड कार्डिओप्लेजिया, म्हणजे चार भाग रक्त आणि एक भाग सेंट थॉमस द्रावण (पोटॅशियमयुक्त, हृदय थांबवणारं), ही जुनी, भरवशाची पद्धत. आधी 20 मिली प्रतिकिलो, मग दर 20 मिनिटांनी 10. सामान स्वस्त. त्रास एवढाच की दर वेळी टाके थांबवावे लागतात. तो टाळायला डोस पुढे ढकलला, की मॉनिटरवरची सपाट रेघ थरथरायला लागते, म्हणजे हृदय पुन्हा हालचाल करू लागतं.

डेल निडोत प्रमाण उलटं: एक भाग रक्त, चार भाग द्रावण. 1 लिटर प्लाझ्मालाइटमध्ये (कॅल्शियम नसलेलं क्षारांचं सलाइन) मॅनिटॉल, मॅग्नेशियम, सोडाबायकार्ब, पोटॅशियम, लिग्नोकेन. 20 मिली प्रतिकिलो, जास्तीत जास्त 1 लिटर. एका डोसवर तासभर निर्धास्त, 90 मिनिटांपर्यंतही चालतं. एका व्हॉल्व्हच्या किंवा एएसडीच्या (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र) केसला आम्ही हेच सुचवू. प्लाझ्मालाइटऐवजी रिंगर लॅक्टेट वापरलं तर त्यात कॅल्शियम असतं, मूळ फॉर्म्युला राहत नाही. परफ्युजन शीटवर (हार्ट-लंग मशीनच्या नोंदींचा कागद) तसं स्पष्ट लिहा.

एचटीके (हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, कीटोग्लुटरेट यांचं तयार द्रावण) दोन तासांच्या पुढच्या कामाला. महाग, 20 ते 25 मिली प्रतिकिलो, सहा ते आठ मिनिटांत सावकाश. त्यात सोडियम लिटरमागे फक्त 15 मिलिमोल, म्हणून राइट एट्रियममधून (हृदयाचा उजवा वरचा कप्पा) ते बाहेर ओढून घेतलं नाही तर रक्तातलं सोडियम धाडकन उतरतं.

विदर्भात एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे सिकलसेल, लाल पेशींचा आनुवंशिक आजार. प्रत्येक पेशंटची तपासणी आधी करा. पॉझिटिव्ह असेल तर थंड रक्त कोरोनरीत (हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत) पाठवू नका. पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात. आधी रक्ताविना द्रावणाने कोरोनरी धुऊन घ्या, किंवा कोमट ब्लड कार्डिओप्लेजिया द्या.

एओर्टिक व्हॉल्व्ह गळका असेल तर कोणतंही द्रावण रूटमधून (एओर्टाच्या मुळातून) देऊन उपयोग नाही. रूट बोटाला मऊ लागतं, लेफ्ट व्हेंट्रिकल फुगतं. एओर्टा उघडून थेट ऑस्टियात (कोरोनरींच्या तोंडात) द्या. रेट्रोग्रेड, म्हणजे कोरोनरी सायनस या शिरेतून उलट्या दिशेने, देताना सायनसचा दाब 40 मिमी एचजीच्या खाली ठेवा.

मे महिन्यात, नागपूर 45 च्या पुढे असताना, फ्रिजमधल्या बाटलीच्या 4 अंशांवर विसंबू नका. तापमान ट्यूबच्या पेशंटकडच्या टोकाला मोजा.