रक्त काढायच्या आधी केसांच्या गोळीची चौकशी करणारी लॅब

सांगलीत खणभागात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. घराजवळ लॅब असूनही रक्त द्यायला मी रिक्षा करून विश्रामबागला जाते. का, ते सांगते.

नऊ वर्षं थायरॉईडची गोळी चालू आहे, सध्या पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची. लग्नसराईच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी तपासणी केली, तर टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, गोळी जास्त झाली की उतरतं नि कमी पडली की चढतं) 0.09, म्हणजे फारच कमी, आणि फ्री टी-4 (रक्तातलं थायरॉईडचं मोकळं हार्मोन) वर गेलेला. म्हणजे गोळी जास्त होतेय, असा हिशोब. पण मला तर थंडी वाजत होती, अंग जड, वजन तीन किलोनं वाढलेलं, म्हणजे गोळी कमी पडल्याची लक्षणं! डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट आणि तुम्ही जुळत नाही. गोळी कमी करण्याआधी पुन्हा बघू."

म्हणून इथे आले. सुई टोचणाऱ्या मुलीनं दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "मावशी, थायरॉईडची गोळी घेऊन आलाय का? केसांची, नखांची काही चालू आहे?" सकाळची गोळी पर्समध्येच होती, ती रक्त दिल्यावर घ्यायची हे मला माहीत होतं, आधी घेतली तर फ्री टी-4 थोडा वेळ वर दिसतो. पण जावेनं केसांसाठी सुचवलेली बायोटिनची (हे एक व्हिटॅमिन) 10 मिलिग्रॅमची गोळी रोज चालू होती. तिनं पट्टा सोडला. "आज नको. केसांची गोळी दोन दिवस बंद करा नि या." दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं.

तिनं सांगितलेलं मला माझ्या भाषेत असं कळलं: काही मशीनमध्ये तपासणीचा धागा बायोटिनच्या हुकानं अडकवतात. रक्तात गोळीचं बायोटिन भरपूर असलं की सगळी काजं तेच भरून टाकतं. मग टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-4 खोटा जास्त येतो. सगळीकडची मशीन तशी नसतात, पण माझा रिपोर्ट त्यातच फसला होता.

तिसऱ्या दिवशी दिलं. टीएसएच 7.4, फ्री टी-4 खालच्या काठावर. म्हणजे पार उलटं! गोळी कमी नाही, अठ्ठ्याऐंशीची झाली. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. टीएसएच सावकाश सरकतो, पंधरा दिवसांत बघून पैसे घालवायचे नाहीत.

चिठ्ठीत दोनच तपासण्या होत्या, त्यांनी दोनच केल्या. "पूर्ण पॅकेज घ्या" असा आग्रह नाही, हे मला फार आवडलं.

एक स्टार कापला. पाचला म्हणाले होते, रिपोर्ट मोबाईलवर साडेसातला आला. अक्षरं इतकी बारीक की टीएसएचची 0.4 ते 4 ही नॉर्मल रेंज वाचायला सुईत दोरा ओवायचा चष्मा लावावा लागला. आणि पंखा फक्त काउंटरवाल्याच्या डोक्यावर.