शिरोली ते कागल : वेगळी लेन मागायचीच, तर कुणासाठी?

कोल्हापूरजवळ शिरोली ते कागल या टप्प्यात पुणे-बेंगळुरू महामार्ग सहापदरी होतोय. पुढेमागे त्यातली एक लेन चालकविरहित गाड्यांसाठी राखावी का, असा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझ्या मते पर्याय तीन आहेत: राखीव लेन, या गाड्यांना सगळ्यांबरोबर चालू देणं, किंवा तीच रुंदी दुचाकींना देणं.

राखीव लेनचा फायदा खरा आहे. यंत्राला सगळ्यात अवघड जातो तो माणसाचा लहरीपणा, म्हणजे न सांगता आडवी घातलेली गाडी किंवा राँग साईडने आलेली मोटारसायकल. ते बाजूला काढलं, की अंतर राखणं आणि वेळेत ब्रेक दाबणं यंत्र डुलकी न घेता करतं. जपानने शिन-तोमेई द्रुतगती मार्गावर सुमारे १०० किलोमीटरमध्ये २०२५ पासून अशा ट्रकच्या चाचण्यांसाठी लेन दिली, तीही रात्री १० ते पहाटे ५ एवढ्याच वेळेत. ड्रायव्हरचा डोळा लागतो ती हीच वेळ. पण तो रस्ता बंदिस्त आहे. तिथे मधूनच कुणी आडवं येत नाही.

आपल्याकडे धोका लेनच्या तोंडाशी साठेल. तावडे हॉटेल, उचगाव, गोकुळ शिरगाव अशी थोड्या थोड्या अंतरावर आत-बाहेर करण्याची ठिकाणं आहेत. लेन दुभाजकालगत असेल, तर भरधाव ट्रकला उतरण्यासाठी दोन लेन ओलांडून डावीकडे यावं लागणार. गळीत हंगामात तिथेच उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो, कित्येकदा मागे रिफ्लेक्टरही नसलेला. वेगातला एवढा फरक जीव घेतो. शिवाय अशा गाड्या मोजक्या असतील तोवर ती लेन रिकामी राहील, बाकी सगळी गर्दी दोन लेनमध्ये कोंबली जाईल आणि रिकाम्या लेनमध्ये लोक घुसतील. पुण्याच्या बीआरटीत, म्हणजे बससाठी राखलेल्या लेनमध्ये, ते दिसलंच.

सगळ्यांबरोबर चालू दिलं तर वेगळी लेन अडत नाही. आपोआप ब्रेक लागण्याची सोय काही गाड्यांत आजही आहे आणि ती कुठल्याही लेनमध्ये उपयोगी पडते. अडचण मागच्या गाडीची आहे. कॅलिफोर्नियातल्या चाचण्यांच्या अहवालांत चालकविरहित गाडीला मागून धडक बसल्याचे प्रकार ठळक आहेत. गाडी सावधपणे थांबते, मागचा माणूस थांबत नाही.

आता दुचाकी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. मलेशियाच्या फेडरल हायवेवर दुचाकींना वेगळी लेन दिल्यावर त्यांचे अपघात एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचं तिथल्या अभ्यासात आढळलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींत पाळीला जाणारे किती कामगार दुचाकीवर असतात, हे रोज दिसतं. मी आधी त्यांच्यासाठी लेन मागेन, आणि ती रंगाचा पट्टा ओढून नको, मध्ये कठडा घालून हवी.

चालकविरहित लेनचा प्रस्ताव आलाच, तर तो फक्त रात्रीच्या लांब पल्ल्याच्या ट्रकपुरता मान्य करावा. त्याआधी उचगावला ट्रक लेनमधून बाहेर कसा पडणार, याचा नकाशा मागून घ्यावा.